वर्गातलं तंत्रज्ञान: शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण परिषदा, प्रशिक्षणं आणि शिक्षकांचे ग्रुप यांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला उपकरणांचे, मग शिकवण्याचे आणि शेवटी कायदा व अपवादांचे प्रश्न आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं मुख्यतः जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांमधली आहेत.

१. सरल, यूडायस प्लस, उपस्थितीचा बॉट हे सगळं भरण्यात दिवस जातो. हेही शैक्षणिक तंत्रज्ञानच ना?

नाही. ते प्रशासनाचं तंत्रज्ञान आहे. त्याने नोंदी होतात, शिकवणं होत नाही. या पानावर फक्त अशा साधनांचा विचार केला आहे ज्यांच्यामुळे मुलाला एखादी गोष्ट दिसते, ऐकू येते, करून पाहता येते, किंवा शिक्षकाला त्याची चूक लवकर कळते. 'आमची शाळा शंभर टक्के डिजिटल' असा फलक लावताना या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

२. शाळेत काहीच नाही, फक्त माझा फोन आहे. त्यावर काय करता येईल?

बरंच काही करता येतं. फक्त तीस मुलांना सहा इंची पडदा दाखवायचा नाही. फोनचे तीन उपयोग खरोखर कामाचे आहेत.

एक, आवाज. पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथ स्पीकर टेबलावर न ठेवता मुलांच्या कानांच्या उंचीवर, वर्गाच्या मध्यावर ठेवा. पत्र्याच्या छताखाली आवाज वाढवला तर घुमतो आणि शब्द कळेनासे होतात. स्पीकर जवळ आणि आवाज कमी हेच बरं. दोन, कॅमेरा. मुंगीचं तोंड, पानाच्या शिरा, नाण्यावरची अक्षरं यांचे मोठे फोटो काढून सहा-सात मुलांच्या गटात फिरवा. तीन, उत्तरं गोळा करणं. त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

३. लोकवर्गणीतून टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर?

हा प्रश्न किमतीवर सुटत नाही, वर्गखोलीच्या लांबीवर आणि उजेडावर सुटतो.

आधी लांबी मोजा. शेवटच्या मुलाला मजकूर वाचता यायला हवा असेल तर तो पडद्याच्या उंचीच्या साधारण सहा पटींपेक्षा लांब बसलेला नसावा. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते, म्हणजे मर्यादा सव्वातीन मीटर. ५५ इंचीला चार मीटर, ६५ इंचीला पाचच्या आत. सहा मीटर लांब वर्गात ४३ इंची टीव्ही लावला की मागच्या दोन ओळी फक्त हलती चित्रं पाहतात. अक्षरं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि मुलं तसं सांगतही नाहीत. प्रोजेक्टरचं १०० इंची चित्र मात्र साडेसात मीटरपर्यंत पुरतं.

आता उजेड. ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर १०० इंची चित्रावर साधारण १,१०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश टाकतो. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात भिंतीवर आधीच तीनशे-पाचशे लक्स पडलेला असतो. त्यामुळे काळा भाग राखाडी होतो आणि रंग विटतात. खिडक्या बंद केल्या तर एप्रिलमध्ये वर्गात बसवत नाही. मुलांच्या वह्याही दिसत नाहीत, म्हणजे लिहिणं बंद.

आमचं मत असं: पट वीसच्या आत असेल आणि मुलांना जमिनीवर जवळ बसवता येत असेल तर टीव्ही. पट मोठा असेल आणि एक खोली कायमची अंधारी करता येत असेल तर प्रोजेक्टर. 'प्रत्येक वर्गात एक' म्हणून चार छोटे टीव्ही घेण्यापेक्षा एका खोलीत एक मोठा पडदा घ्या.

टीव्ही भिंतीवर फार उंच लावू नका. पडद्याची खालची कड बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या किंचित वर आली की पुरे. खिडकीच्या समोरची भिंतही टाळा.

४. पडद्यावर अक्षर किती मोठं ठेवायचं?

अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी उंची. सहा मीटरवर बसलेल्या मुलासाठी तीन सेंटिमीटर. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं असल्याने त्याहून थोडं मोठंच ठेवा. 'द्ध', 'द्य', 'ध्द' यांतला फरक मागच्या बाकावर उभं राहून तुम्हाला दिसला तर मुलांना दिसेल. एका पानावर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर बसवायचा झाला तर तो मजकूर पडद्यासाठी नाहीच, तो फळ्यावर किंवा पुस्तकात राहू द्या.

५. लाइट कधीही जाते. इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल?

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि काही ऊर्जा इन्व्हर्टरमध्येच जाते, म्हणून हिशेबाला साधारण ९०० धरा. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून ३०० वॉट झाले तर तीन तास. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० ते १०० वॉट घेतो, म्हणजे नऊ तासांच्या आसपास. टीव्हीसोबत दोन साधे पंखे चालवले की ही वेळ निम्म्याहून कमी होते.

दिव्याच्या प्रोजेक्टरला अचानक वीज जाणं सर्वात जास्त बाधतं. बंद केल्यावरही त्याचा पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो, तो दिवा थंड करण्यासाठी. तास संपल्यावर घाईने भिंतीवरचं बटण बंद करण्याच्या सवयीने दिव्याचं आयुष्य घटतं. एलईडी प्रोजेक्टरला हा त्रास कमी आहे.

मे महिन्याच्या सुट्टीआधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून ती पूर्ण चार्ज करून ठेवा. अर्धी चार्ज झालेली बॅटरी दोन महिने तशीच पडली तर जूनमध्ये ती चार्ज धरत नाही. कोकणात पावसाळ्यात उपकरण वापरायचं नसलं तरी आठवड्यातून पंधरा मिनिटं चालू ठेवा, आतला दमटपणा निघून जातो.

६. पेनड्राइव्ह लावला तर टीव्ही म्हणतो 'फाइल चालत नाही'. फोनही टीव्हीला जोडला जात नाही.

पेनड्राइव्हच्या बाबतीत बहुधा तीनपैकी एक कारण असतं. फाइलचा प्रकार: एमपी-४ आणि आत एच-२६४ (व्हिडिओ साठवण्याची एक पद्धत) असेल तर जवळजवळ प्रत्येक टीव्ही चालवतो, नव्या एचईव्हीसी प्रकारावर जुने टीव्ही अडतात. पेनड्राइव्हची मांडणी: फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही. फाइलचं नाव: काही टीव्ही मराठी नावांच्या जागी चौकोन दाखवतात, म्हणून नावं '०७-विज्ञान' अशी न ठेवता रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा.

फोनच्या बाबतीत: चार्जिंगची पिन टाइप-सी आहे म्हणून एचडीएमआय केबल चालेलच असं नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये त्या पिनमधून चित्र बाहेर येत नाही. केबल घेण्याआधी दुकानातच आपला फोन लावून पाहा. बिनतारी जोडायचं असेल तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. शाळेत वायफाय नसेल तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोन्ही त्यावर घ्या. 'नो सिग्नल' दिसलं तर आधी रिमोटवरचं 'सोर्स' तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

७. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नाही, किंवा स्कॅन होऊन फिरतच राहतो.

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोग माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दीक्षा हे शालेय डिजिटल साहित्याचं राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांतले कोड त्याला जोडले गेले.

कोड पुसट झाला असेल तर त्याच्याजवळ छापलेली सहा अक्षरं-आकडे दीक्षा ॲपच्या शोधपट्टीत टाका. कोडमध्ये असतं तेच हे. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं तर ब्राउझर उघडतो आणि नेट नसेल तर गाडी तिथेच अडते. दीक्षा ॲपमधूनच स्कॅन करा आणि आदल्या दिवशी घरच्या नेटवर आशय उतरवून ठेवा. मग तो ॲपमध्ये विनानेट चालतो. पुस्तक बदललं की कोडही बदलतो, त्यामुळे जुन्या पुस्तकावरून केलेली यादी जूनमध्ये एकदा तपासा.

८. यूट्यूबवर 'डाउनलोड' केलेला व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये का सापडत नाही?

कारण तो ॲपच्या आतच, कुलूपबंद राहतो. त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये चालतो आणि ठरावीक काळाने नेटला जोडून त्याची मुदत वाढवावी लागते. इतर सॉफ्टवेअरने तो काढून घेणं यूट्यूबच्या अटींविरुद्ध आहे. पेनड्राइव्हवर ठेवायचंच असेल तर खुल्या परवान्याचं साहित्य शोधा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी खुल्या परवान्यात आहेत. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. फेट सिम्युलेशनचं (पडद्यावरच्या आभासी प्रयोगांचं) प्रश्न १० मध्ये पाहा.

९. व्हिडिओ लावला की वर्ग एकदम शांत. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच काही आठवत नाही. असं का?

शांतता म्हणजे लक्ष नव्हे. व्हिडिओ मुलाकडून काहीच मागत नाही. तो पुढे सरकतो, मूल मागे राहिलं तरी थांबत नाही.

उपाय सोपा आहे, पण तयारी लागते. समजा इयत्ता सातवीला बाष्पीभवनाचा आठ मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा आहे. आदल्या दिवशी स्वतः पाहून त्यातली कामाची साडेतीन मिनिटं निवडा आणि दोन थांबे टाचणात वेळेसह लिहा. पहिला थांबा निकाल दिसण्याच्या *आधी*: 'ताटलीतलं पाणी आधी आटेल की पेल्यातलं? वहीत लिहा, कारणासह.' एक मिनिट द्या. आवाज येणारच, येऊ द्या. मग पुढचा भाग दाखवा. दुसरा थांबा निकाल दिसल्यावर: 'तुम्ही लिहिलं होतं ते आणि दिसलं ते यांत काय फरक?' शेवटी पडदा *बंद* करून दोन मिनिटं बोलणं. पडदा चालू असेल तर मुलांचे डोळे तिकडेच राहतात.

मागाहून प्रश्न विचारण्यापेक्षा आधी अंदाज लिहून घेणं जास्त उपयोगी पडतं. अंदाज चुकलेला मुलगा कारण शोधायला लागतो. सगळं पाहून झाल्यावर विचारलं तर 'हो बाई, कळलं' एवढंच येतं.

आणि पाणी, ताटली, पेला वर्गात ठेवता येत असेल तर मुळात व्हिडिओच नको. पडदा ज्वालामुखीसाठी, हृदयाच्या झडपांसाठी, रायगडाच्या हवाई दृश्यासाठी राखून ठेवा, म्हणजे जे वर्गात आणता येत नाही, फार लहान आहे, फार मोठं आहे किंवा धोकादायक आहे त्यासाठी.

१०. प्रयोगशाळा नाही. प्रयोगाऐवजी सिम्युलेशन चालेल का?

सोबत चालेल, ऐवजी नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा संच मोफत आहे, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. अनेक सिम्युलेशनं मराठीत आहेत आणि त्यांची एकेक फाइल उतरवून विनानेट ब्राउझरमध्ये उघडता येते.

विद्युत परिपथाचं उदाहरण घेऊ. पडद्यावर एक घट, एक दिवा जोडा. दुसरा दिवा समांतर जोडला तर पहिला मंद होईल का, असा अंदाज घ्या. सिम्युलेशनमध्ये तो मुळीच मंद होत नाही. मुलांनी टॉर्चच्या सेलवर हेच केलं तर तो किंचित मंद होतो, आणि सेल जुना असेल तर चांगलाच. कारण खऱ्या सेलला स्वतःचा रोध असतो, पडद्यावरचा सेल आदर्श असतो. प्रगत पर्यायांत सेलचा रोध वाढवला की पडद्यावरचा दिवाही मंद होतो. हा फरक दाखवणारी तासिका एकट्या सिम्युलेशनपेक्षा आणि एकट्या प्रयोगापेक्षा सरस होते.

सिम्युलेशनमध्ये ढिलं कनेक्शन, गंजलेली तार अशा चुका होत नाहीत. दहावीच्या मुलाला या चुका शोधता यायला हव्यात, त्या सुमारे शंभर रुपयांत तार, दोन सेल आणि दिवे आणूनच शिकता येतात.

गणितातही हीच काळजी घ्या. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात आणि बेरीज १८० राहते, हे पाहायला छान. पण पडद्यावर ५९.३३, ६०.३३, ६०.३३ असे कोन आले आणि एखाद्या मुलीने बेरीज १७९.९९ काढली, तर 'बाई, प्रमेय चुकलं!' हा प्रश्न येणारच. ते दोन दशांश स्थळांपर्यंत केलेल्या पूर्णांकनामुळे होतं. तो प्रश्न दाबू नका. मोजून पाहणं आणि सिद्ध करणं यांतला फरक सांगण्याची इतकी चांगली संधी पुस्तकात मिळत नाही.

११. मुलांकडे फोन नाहीत. तरी सगळ्यांची उत्तरं एकदम कशी घ्यायची?

प्लिकर्सची छापील कार्डं. प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचं एक कार्ड मिळतं. कार्डाच्या चार कडांना चार पर्याय असतात, मूल आपल्या उत्तराची कड वर धरतं आणि शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा सगळा वर्ग टिपतो. शिक्षकाच्या फोनला नेट हवं, मुलांना काहीच नको.

घोटाळे ठरलेले आहेत. चकचकीत लॅमिनेशन केलं की उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड कागदावर छापा किंवा मॅट लॅमिनेशन करा. मुलांची बोटं काळ्या नक्षीवर येतात, कडेला धरायला शिकवा. मोफत खात्याला मर्यादा आहेत, पण रोजच्या दोन-तीन प्रश्नांना ते पुरतं.

नेटच नसेल तर चार रंगांचे कागदाचे तुकडे हेच काम करतात. फक्त नोंद राहत नाही, आणि हुशार मुलाचा रंग पाहून बाकीचे आपला बदलतात. म्हणून डोळे मिटून, 'एक, दोन, तीन' म्हणून वर करायला सांगा.

१२. गूगल फॉर्मवर चाचणी घेतली. मुलांनी बरोबर लिहूनही शून्य गुण आले.

लघुत्तराला आपोआप गुण देताना फॉर्म अक्षरशः जुळवणी करतो. तुम्ही '12' ठरवलं आणि मुलाने '१२' लिहिलं तर चूक. 'सिंधुदुर्ग'ऐवजी 'सिंधूदुर्ग' लिहिलं तरी चूक. मराठीत आपोआप गुण फक्त बहुपर्यायी प्रश्नांना ठेवा, लिहायची उत्तरं स्वतः वाचा.

'एकदाच प्रतिसाद' ही अट लावली तर गूगल खातं लागतं. मग एका घरात एकच फोन असलेल्या दोन भावंडांपैकी दुसऱ्याला फॉर्म उघडत नाही. ती अट काढा आणि हजेरी क्रमांकाचा रकाना ठेवा. पाठवताना संपादनाची लिंक न पाठवता फॉर्म भरण्याची लिंक पाठवा. नाहीतर पालकांना संपादनाचा अधिकार नसल्याची सूचना दिसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो अधिकार मिळतो.

घरी भरलेल्या फॉर्मवरून मुलाची पातळी ठरवू नका. तो कुणी भरला हे फॉर्म सांगत नाही.

१३. आमची मुलं घरी कोरकू, भिली, गोंडी, वारली बोलतात. व्हिडिओतली मराठी त्यांना कळत नाही.

आवाज बंद करा. चित्र ठेवा आणि निवेदन तुम्ही करा, मुलांच्या भाषेतले शब्द वापरून. ती भाषा येत नसेल तर चौथीच्या मुलाला पहिलीच्या मुलांसाठी सांगू द्या. व्हिडिओ दुसऱ्यांदा मराठी आवाजासह लावा. तोवर मुलांना आशय ठाऊक झालेला असतो आणि शब्द त्याला चिकटतात.

रीड अलाँगसारखी वाचून घेणारी ॲप मराठी ऐकतात, पण आवाज ओळखणं गोंगाटात आणि घरच्या उच्चारांपुढे अडखळतं. बरोबर वाचलेल्या मुलाला ॲपने पुन्हा वाचायला लावलं तर त्याचा धीर खचतो. सरावासाठी वापरा, वाचनस्तर ठरवायला नको.

१४. दोन शिक्षक, चार वर्ग. एका गटाला टॅबवर बसवून दुसऱ्याला शिकवलं तर चालेल ना?

हा तंत्रज्ञानाचा सर्वात प्रामाणिक उपयोग आहे, आणि सर्वात जास्त फसणाराही. टॅबवर *नवीन* घटक देऊ नका. मूल अडलं तर तुम्ही तिकडे धावाल आणि दोन्ही गट मोडतील. कालपर्यंत शिकवून झालेल्याचा सराव द्या, वेळ बारा-पंधरा मिनिटं, तीन मुलांना एक टॅब आणि प्रत्येकाला काम: एक बोट चालवेल, एक वाचेल, एक उत्तर वहीत लिहील. दर पाच मिनिटांनी अदलाबदल. वहीत लिहिलेलं नसेल तर टॅबवर काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

१५. खरंच फायदा होतो का? काही पुरावा आहे का?

होतो, पण कधी होतो हे जास्त महत्त्वाचं. गुजरातमध्ये ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे तपासला (२००८). शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या तासिकेच्या *जागी* संगणक ठेवला तिथे मुलं एरवीपेक्षा कमी शिकली. शाळा सुटल्यावर, *जास्तीचा* वेळ म्हणून ठेवला तिथे ती पुढे गेली.

दिल्लीत माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शाळेबाहेरच्या केंद्रांवर झालेल्या अभ्यासात (२०१९ मध्ये प्रसिद्ध) साधारण साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक वाढ दिसली. ते सॉफ्टवेअर मुलाच्या इयत्तेपासून सुरू होत नव्हतं, मुलाला जेवढं येतं तिथून सुरू होत होतं. उलट पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले गेले, तिथल्या ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही.

म्हणून विक्रेता 'आमच्या सॉफ्टवेअरने गुण वाढतात' म्हणाला की दोन प्रश्न विचारा: हे माझ्या तासिकेच्या जागी की वर? आणि सहावीत असून दुसरीचं येणाऱ्या मुलाला ते कुठून सुरू करतं? उत्तर 'सहावीच्या पहिल्या धड्यापासून' असेल तर पैसे वाचवा.

घरच्या वापराबद्दल असर २०२४ या शिक्षणस्थितीच्या अहवालातला देशाच्या ग्रामीण भागाचा आकडा ध्यानात ठेवा: स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी सुमारे ७६ टक्क्यांनी.

१६. एआयकडून प्रश्नपत्रिका, टाचण, कृतिपत्रिका करून घेतली तर?

कच्चा मसुदा म्हणून घ्या. 'इयत्ता पाचवी, अपूर्णांकांची बेरीज, छेद समान, बाजाराचे पाच शाब्दिक प्रश्न, उत्तरांसह' असं नेमकं सांगितलं तर वेळ वाचतो. मग प्रत्येक गणित स्वतः सोडवा. उत्तर छान मांडलेलं असतं आणि चुकीचं असू शकतं.

मराठीत खास तपासायच्या जागा: हिंदी वळणाची वाक्यं, लिंगाच्या चुका, संख्यावाचन. २०१९ पासून बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी 'साठ तीन'सारखं वाचनही आलं, त्यावर वादही झाला. तुमच्या वर्गात कोणती पद्धत चालते हे यंत्राला ठाऊक नसतं. इतिहासातल्या सनावळ्या आणि कवितांच्या ओळी तर एआयकडून घेऊच नका, नसलेल्या ओळी रचून मिळतात.

भारताचा नकाशा एआयने काढलेला कधीही वापरू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे. विभागाच्या संकेतस्थळावर अधिकृत नकाशे मिळतात.

मुलांची नावं, गुण, जात, आजार यांतलं काहीही अशा सेवेत टाकू नका. निबंध मुलाने एआयकडून लिहून आणला अशी शंका आली तर 'ओळखणारी' सॉफ्टवेअर मराठीत भरवशाची नाहीत. त्याला त्याच विषयावर वर्गात दहा ओळी लिहायला सांगा.

१७. वर्गात चित्रपट किंवा पुस्तकातला उतारा दाखवणं कायदेशीर आहे का?

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिचा व्यापक अर्थ लावला. प्रेक्षक शाळेचे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असतील तर संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवण्यालाही सूट आहे. गावजत्रेत, तिकीट लावून दाखवला तर ही सूट नाही. तोच उतारा आपल्या यूट्यूब चॅनेलवर चढवला तरी नाही.

१८. उपक्रमांचे फोटो ग्रुपवर, स्टेटसला टाकावेच लागतात. मुलांचे चेहरे दाखवले तर?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या, त्यात 'फक्त पालकांच्या ग्रुपवर' आणि 'जाहीर' असे वेगळे पर्याय ठेवा. नाव आणि चेहरा एकत्र टाकू नका. वजन-उंची, गुणपत्रक, 'उपचारात्मक गट' लिहिलेला फळा मागे दिसत नाही ना, हे पाहा. सर्वात सोपा मार्ग: मुलांचे हात आणि त्यांनी केलेली वस्तू यांचा फोटो.

१९. माझी जुनी कृतिपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की भलतीच चिन्हं दिसतात.

ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसेल तर मूळ चिन्हं उघडी पडतात. फक्त छापायची असेल तर पीडीएफ करून द्या. वर्षानुवर्षं वापरायची असेल तर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि र्‍हस्व वेलांटी, रफार आणि 'र्‍य' नजरेखालून घाला, तिथेच मोडतोड होते. नवीन सगळं युनिकोडमध्येच लिहा. पुढच्या प्रश्नाचं उत्तरही त्यावरच अवलंबून आहे.

२०. वर्गात एक दृष्टिबाधित आणि एक कर्णबधिर मूल आहे. त्यांच्यासाठी काय?

अँड्रॉइडमधलं टॉकबॅक युनिकोड मराठी वाचून दाखवतं. पुस्तकाची पानं स्कॅन करून केलेली पीडीएफ मात्र त्याला कोरी दिसते, कारण ती नुसती चित्रं असतात. कर्णबधिर मुलासाठी पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार एनसीईआरटीने २०२० मध्ये केला, त्यातले व्हिडिओ दीक्षावर आहेत. ते एनसीईआरटीच्या पुस्तकांचे असल्याने आपल्या धड्याशी कुठे जुळतात ते आधी पाहावं लागतं. थेट बोलणं अक्षरांत उमटवणारी ॲप शांत खोलीत बरी चालतात, तीस मुलांच्या वर्गात नाही. त्या मुलाला पहिल्या बाकावर, तुमचे ओठ दिसतील असं बसवणं तिथे जास्त कामाला येतं. म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

२१. पाच वर्षांपूर्वीचा प्रोजेक्टर बंद आहे. टाकून दिला तर चालेल?

नाही. तो डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) आहे, लोकवर्गणीतून आलेला असला तरी. आधी दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. धूळ साचून गाळणी तुंबल्यामुळे उपकरण तापून बंद पडणं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि ती साफ करायला मऊ ब्रश पुरतो. दिवा गेला असेल तर नव्या दिव्याची किंमत आणि नव्या एलईडी प्रोजेक्टरची किंमत शेजारी ठेवा. दुरुस्ती परवडत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षण कार्यालयात पाठवा. मंजुरी आल्यावर तो भंगारवाल्याला न देता ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्या आणि पावती रजिस्टरला चिकटवा. जुन्या दिव्यात पारा असतो, तो मुलांना उघडून दाखवू नका. एचडीएमआय केबल, रिमोट आणि भिंतीवरचा स्टँड मात्र काढून ठेवा, पुढच्या उपकरणाला उपयोगी पडतात.